तोंड धुवायच्या आत

दसरा उलटला की माझ्या दारावरून कापसाच्या गाड्या जायला लागतात आणि माझा घसा खवखवायला लागतो. अकोल्याच्या या रस्त्याला दोन्ही बाजूंनी बाभळी आहेत. गाड्या वरपर्यंत चेपून भरलेल्या असतात, बाभळीचे काटे जाता जाता त्यांतला मूठमूठ कापूस ओरबाडून घेतात, आणि दिवाळीपर्यंत झाडं पांढरी दिसायला लागतात. सून म्हणते, मामाजी, ही कापसाची कुसं आहेत, नाकातोंडात जातात, आत बसा. वैद्य म्हणतो, कफ आहे. दोघंही शहाणी माणसं आहेत, मी वाद घालत नाही. माझ्या घशात कापूस नाही आणि कफही नाही. माझ्या घशात गोविंदा आहे.

म्हातारी माणसं जुन्या दिवसांबद्दल बोलायला लागली की त्यांच्या तोंडातून साय गळते. माझ्याकडून तशी आशा ठेवू नका. माझे जुने दिवस चांगले होते, पोटभर होते, आणि त्यांची आठवण आली की मला कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटते. ज्याच्या वाजवायची तो आता राहिला नाही, ही एक वेगळीच अडचण.

ते साल कापसाच्या सोन्याचं होतं. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत गोरे गोऱ्यांचे गळे कापत होते म्हणे. तिकडचा कापूस बंद पडला आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या वऱ्हाडाकडे तोंड वासून बसल्या. आम्हाला अमेरिका कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. काहींना वाटायचं, मुंबईच्या थोडी पुढे असेल. पण चावडीवर बसून लोक रोज संध्याकाळी देवाला हात जोडायचे, की बापा, त्यांची लढाई अशीच चालू दे. त्यांत माझा बापही होता. गाईला पहिला घास घातल्याशिवाय न जेवणारा माणूस. तिकडे कुणाचा तरी मुलगा मरत होता आणि इकडे आमच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढत होत्या. कुणाला काही वाटलं नाही. मला तर मुळीच वाटलं नाही, मला फक्त कापसाचा वीट आला होता.

वीट येणारच. चार भावांत मी धाकटा. पेरणीत मी, निंदणीत मी, वेचणीत मी. बोटं बोंडांच्या टोकांनी फाटलेली असायची. माझं म्हणावं असं माझ्याकडे एकच होतं, गळा. शेताच्या या धुऱ्यावरून, या बांधावरून, आवाज टाकला की त्या धुऱ्यावरच्या बायका वेचायच्या थांबत. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. गेलेल्या वस्तूची काय फुशारकी मारायची?

त्या दिवाळीला गोविंदाने निरोप धाडला, की अमरावतीला या, सण इकडेच करू. गोविंदा माझ्या गावचा, माझ्याच वयाचा. लहानपणापासून तो ढोलकीवर आणि मी गळ्यावर. गावात आमचं नावच जोडीने घेत. पुढे तो अमरावतीच्या गंजात, कापसाच्या बाजारात, एका दलालाच्या हाताखाली लागला, आणि अंगातली बंडी जाऊन मलमलीचा अंगरखा आला. तिसरा कादर पिंजारी. दिवसभर धनुकली ठणठण वाजवून कापूस पिंजायचा आणि कान बधिर झाले म्हणून सगळ्यांशी ओरडून बोलायचा. मनाने इतका सरळ, की त्याला फसवायला अक्कल लागत नसे. मी आणि कादर छकड्यात बसून मूर्तिजापूर, बडनेरा करत निघालो. वाटेत आगगाडीच्या रुळांसाठी मातीचे बांध पडत होते. कादर म्हणाला, एवढी मेहनत कशाला, बैल काय मेले आहेत?

अमरावतीने आम्हाला जे खाऊ घातलं ते अजून जिभेवर आहे. जीभ बेइमान असते, तिला वैर कळत नाही. सकाळी धुक्यात कादर आम्हाला मशिदीमागच्या गल्लीत घेऊन जायचा. तिथे मोठ्या देगीत बकऱ्याचा पाया शिजत असायचा, वरती बोटभर तर्री, आणि तंदुरातून निघालेली रोटी हातात धरवत नसे. गावात कळलं असतं तर जातवाल्यांनी आम्हाला ओवाळून बाहेर काढलं असतं. पण शहरात कोण कुणाला ओळखतं, ही शहराची मोठी पुण्याई. दुपारी खोलापुरी दरवाजाच्या बाहेर आंब्याखाली गोवऱ्यांचा आर पेटवायचा आणि त्यात कणकेचे रोडगे पुरायचे. फुटले की तुपात बुडवायचे, आणि सोबत वांग्याची भाजी, इतकी तिखट की कादर रडत रडत वाढून मागायचा. जवसाची चटणी, कच्चा कांदा, कढीतले गोळे. आम्ही खायला बसलो की उठायचं नाव नसे.

आणि संध्याकाळी कलालाचं दुकान. मोहाची, पहिल्या धारेची. मातीच्या पेल्यातून प्यायची, आधी ओल्या मातीचा वास, मग मोहाच्या फुलांचा, मग काहीच नाही, नुसता जाळ. गंजातले लोक विलायती बाटल्या फोडून प्यायचे आणि नाक मुरडायचे. गोविंदानेही आम्हाला एक पाजली. मला ती औषधासारखी लागली, तसं मी म्हणालो, तर तो शेजारच्या बाकावरच्यांना ऐकू जाईल असं हसला. गाढवाले गुळाची चव काय, म्हणाला. हसण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. कादर पीत नव्हता. तो बडीशेपेचं सरबत घेऊन आमच्या तिखटात हात मारायचा.

एक दृश्य मात्र मला कधी गोड लागलं नाही. पैसा इतका झाला होता, की सगळ्यांनी जवारी सोडून कापूस पेरला होता, आणि त्यामुळे ज्याच्याकडे शेत नाही त्याला भाकर महाग झाली होती. बाजारात एक शेतकरी दारू पिऊन आपल्या बैलांना जिलब्या चारत होता. लोक टाळ्या पिटत होते. बैलांच्या तोंडाजवळ एक बाई उकिडवी बसली होती आणि बैलाच्या ओठांतून पडेल तो तुकडा पदरात घेत होती. शेतकऱ्याने मुद्दाम जिलबी उंच धरली, बैलाने मान वर केली, तशी बाईचीही मान वर झाली. सगळे खो खो हसले. गोविंदा तर हसून हसून खाली बसला. मीही हसलो होतो, उगाच साळसूदपणा कशाला सांगू? त्या वर्षी वऱ्हाडात हसायला फार काही लागत नसे.

आमच्या तिघांत एक रीत होती. सणावारी एकत्र आलो की रोज एकाला बकरा करायचं. म्हणजे त्याला एखादी थाप अशी मारायची की तो हलाल झाला पाहिजे. बकऱ्याने रागवायचं नाही, आणि ज्याने थाप मारली त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी, तोंड धुवायच्या आत, खरं सांगून टाकायचं. राखुंडी दाताला लागायच्या आधी. तोंड धुऊन झालं आणि सांगितलं नाही, तर ती थाप नव्हे, ते खरं. इतकी साधी रीत. ही रीत आम्ही पोरवयात केली होती आणि ती कुणी कधी मोडली नव्हती, म्हणून तर एकमेकांच्या हातचं बिनघोर खात होतो.

पहिल्या दिवशी कादर बकरा झाला. गोविंदाने त्याला गंभीर तोंड करून सांगितलं, की कलालाने चुकून तुझ्या सरबतात मोहाची ओतली. बिचाऱ्याचं तोंड उतरलं. आणि गंमत पाहा, घटकाभरात त्याचे पाय लटपटायला लागले, डोळे लाल झाले, जीभ जड झाली. भिंतीला धरून चालायला लागला. तोबा तोबा करत होता आणि झोकांड्याही खात होता. सकाळी उठल्या उठल्या गोविंदाने सांगितलं, की अरे, नुसतं सरबत होतं. कादर ताठ उभा राहिला, डोकं हलवून पाहिलं, आणि म्हणाला, अरे, उतरली. दुसऱ्या दिवशी आम्ही गोविंदाला सांगितलं, की तुझा दलाल तुला शोधत कलालाकडे आला होता. तो कडब्याच्या गंजीत लपून बसला, अंगरख्याचे बारा वाजले. तेही सकाळी, तोंड धुवायच्या आत, सांगून टाकलं. तो हसला. पण अंगरख्यावरचं कुसळ कुसळ उपटताना त्याने वर पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी कलालाच्या दुकानात मी गायलो. ठरवून नाही. पोटात रोडगे होते, डोक्यात मोह होता, गोविंदाने पालथ्या मडक्यावर बोटं धरली आणि माझ्या तोंडून ओळ निघाली. दुकान गप्प झालं. कोपऱ्यात एक पांढऱ्या मिशांचा माणूस बसला होता, तो उठून आला. खडी गंमतीच्या, म्हणजे आमच्याकडच्या तमाशाच्या, एका फडाचा उस्ताद होता तो. दिवाळी झाली की फड घेऊन नागपूरकडे जाणार होता आणि त्याला गाणारा हवा होता. म्हणाला, उद्या दुपारी अंबादेवीच्या मागे आमचा मुक्काम आहे तिथे ये, चार लोकांत ऐकतो आणि घेऊन जातो. मी म्हणालो, आमची जोडी आहे, हा ढोलकीवर. उस्तादाने गोविंदाच्या बोटांकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, ढोलकीवाला माझा आहे, मला गळा पाहिजे.

मला दुसऱ्या कुणाचं काही दिसत नव्हतं. मला दिसत होतं, की मी यापुढे बोंडं वेचणार नाही. भाऊ, बाप, धुरा, बोटांच्या चिरा, सगळं सुटलं. कादरने मला मिठी मारली आणि कानात ओरडला. गोविंदाही हसला, पाठीवर थाप मारली, आणि म्हणाला, आज विडा माझ्याकडून. अंजनगावचं पान आणलं. अंजनगावच्या पानमळ्यांतलं पान जिभेवर ठेवलं की विरघळतं. त्याने स्वतःच्या हाताने लावलं, चुना, कात, सुपारी, बडीशेप. मी चघळलं, रस गिळला. मग तो माझ्याकडे वाकून हळूच बोलला.

"शेंदूर गोड लागला का, सख्या?"

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शेंदूर पोटात गेला की गळा फुटतो, आवाज कायमचा जातो. फडाफडांतली वैरं अशीच फेडत. गाणारे लोक परक्याच्या हातचं पान खात नसत ते म्हणूनच. कादर टाळी देऊन हसला, की आज सखाराम बकरा. मीही हसलो. मला रीत ठाऊक होती. पण हसता हसता गळ्यात कुठेतरी कुसळ अडकल्यासारखं झालं. मी खाकरलो. ते हललं नाही.

गोविंदाच्या बिऱ्हाडी पहाटे मी सगळ्यांच्या आधी उठलो आणि गोविंदा उठायची वाट पाहत बसलो. तो उठला. आळस दिला. अंगणात जाऊन तांब्या घेतला, राखुंडी तळहातावर घेतली. मी समोर जाऊन उभा राहिलो. गोविंदा, सांगून टाक, म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश दात घासले, मागचे, पुढचे, सगळे. गुळणी केली. थुंकला. पुन्हा गुळणी केली. गमछ्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, "काय सांगू?" आणि अंगरखा चढवून गंजात निघून गेला.

ती गुळणी अजून माझ्या कानात आहे. त्या दिवसापासून मी कुणाला तोंड धुताना पाहू शकत नाही, घरातले म्हणतात म्हातारा विचित्र आहे.

कादर सकाळभर समजावत होता, की तो लांबवून राहिला, गंमत वाढवून राहिला. मी त्याला सांगितलं, रीत रीत असते. दुपारी गेलो. अंबादेवीच्या मागे झाडाखाली सतरंजी टाकली होती, फडातली मंडळी बसली होती, रिकामे लोकही जमले होते. ढोलकीवर थाप पडली. मी गण उचलायला तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं तो आवाज नव्हता, फाटलेला कागद होता. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. घशात आग होत होती. माझी शपथ, खरोखर आग होत होती. उस्तादाने मिशीवरून हात फिरवला.

"फडात गायचं हाय तुले? आधी तोंड धुऊन ये."

लोक हसले. त्या जिलबीवाल्या बाईला हसले होते तेच हसू. गर्दीत कडेला मलमलीचा अंगरखा दिसला. तो हसत नव्हता. तो माझ्या गळ्याकडे टक लावून पाहत होता, आणि त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. मला वाटलं, विषाचा गुण पाहायला आला आहे. मी त्याच दिवशी छकडा जोडून निघालो. कादर सगळ्या वाटेत बैलांनाही हळू आवाजात हाकत होता, हे त्याच्या आयुष्यात एकदाच झालं असेल.

पुढचं थोडकं आहे. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, मध झाला, बहिरमबुवाला नवस झाला. आवाज आला नाही. मग अमेरिकेतली लढाई संपली, कापसाचे भाव कोसळले, बैलांच्या शिंगांवरच्या शेंब्या सोनाराकडे गेल्या आणि लोक पुन्हा जवारी पेरायला लागले. सगळ्यांची दिवाळी एकदम संपली. मला त्याचा आनंद झाला. मी एकटाच कशाला बसू अंधारात?

लोक म्हणतात, काळ सगळं बरं करतो. काळाला दुसरी कामं असतात. मी लग्न केलं, मुलं झाली, कापूस वेचला, विकला, म्हातारा झालो. घरात कुणाला ठाऊक नाही, की हा माणूस कधी गायचा. पाळण्यातल्या नातवाला सून गाणं म्हणते तेव्हा मी उठून अंगणात जातो. आणि दर वर्षी या दिवसांत, बाभळी पांढऱ्या झाल्या की, जीभ पाया मागते, रोडगे मागते, मोहाची मागते. आणि पान. शरम नाही तिला.

काही वर्षांपूर्वी अशाच कापसाच्या दिवसांत कादर आगगाडीने अकोल्याला आला. दाढी पांढरी, कान जवळजवळ गेलेले. म्हणाला, गोविंदाच्या पोटात पाणी झालं आहे, दारूने आतून खाल्ला त्याला, तुझं नाव घेऊन राहिला, चल. मी नाही म्हणालो. तो दारातच बसून राहिला, जेवायलाही उठेना. शेवटी गेलो. ज्या वाटेला छकड्याने जीव जायचा ती आता आगगाडीत बिडी ओढता ओढता संपते.

अमरावतीच्या परकोटाच्या, जुन्या तटाच्या, आत त्याचं घर होतं. दुपारची वेळ. पोरगा पंख्याने वारा घालत होता. खाटेवर पोट तेवढं उरलं होतं, बाकी गोविंदा कुठे दिसेना. मला पाहून त्याने पोराला बाहेर पाठवलं. मग बोलला, थांबत थांबत.

"सख्या, कात होता तो. निस्ता कात. शेंदूर मी डोयानं पाह्यला बी नव्हता."

तो म्हणाला, उस्तादाने मले पाह्यलं बी नाही, मले वाटलं तू जाशीन अन् माही ढोलकी खुटीले टांगून राहीन. एक दिवस तुला तडफडवावं, म्हणाला, दुपारपर्यंत, आणि मग उस्तादासमोर येऊन सांगून टाकावं. त्यासाठीच तो तिथे आला होता. पण माझा गळा खरोखर फुटलेला ऐकला आणि त्याची जीभ टाळूला चिकटली. कात खाऊन कुणाचा आवाज कसा जाईल? त्याला वाटलं, आपल्याच हाताने काहीतरी झालं असेल. तेव्हापासून तो रोज तोंड धुताना माझ्याशी बोलत होता, असं म्हणाला. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे खाल्लं मी, आणि खवखवत दोघांनाही होतं.

कादर माझ्या दंडाला धरून सांगत होता, माफ कर, सखाभाऊ, मरता माणूस आहे. सरबताने त्याला कशी चढली होती आणि एका शब्दाने कशी उतरली होती, तेही सांगत होता. गोविंदाने खाटेच्या माचव्याच्या लाकडावर बोटं ठेवली. सुजलेली, जाड बोटं. आणि ठेका धरला. तोच, मडक्यावरचा.

"एक ओळ म्हन. मंग मी सुखानं जातो."

ठेका बरोबर होता. इतक्या वर्षांत कणभर हलला नव्हता. ओळ गळ्यापर्यंत आली, आणि मी दात घट्ट आवळले. मला त्याची दया आली, हे कबूल करतो. दया आली म्हणूनच फार राग आला. माझा जन्म एका शब्दावाचून गेला होता, आणि तो शब्द याने इतका वेळ तोंडात धरून ठेवला होता.

"गोविंदा," मी म्हणालो, "तू तवाच तोंड धुतलं. आता तो शेंदूरच हाय."

बोटं थांबली. मी उठलो. कादर माझ्यामागे आला नाही.

बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीला वेळ होता. समोर मालडब्यांत कापसाच्या गाठी चढत होत्या, हमाल एका सुरात ओढत होते. त्यांच्या सुराला सूर लागला आणि मला कळायच्या आत माझ्या तोंडून ओळ निघाली. पूर्ण ओळ. आवाज म्हातारा होता, पण फुटला नव्हता. कुठे चीर नाही, कुसळ नाही. शेजारी बसलेल्या बाईने पोराला थोपटायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी तोंडावर उपरणं धरलं आणि खोकल्याचं सोंग केलं. बाहेर अमरावतीचे टांगे उभे होते. परत फिरलो असतो तर दिवेलागणीच्या आत त्याच्या खाटेपाशी पोचलो असतो. पुढे कादरकडून कळलं, की गोविंदा त्यानंतर पाच-सहा दिवस होता, आणि दाराकडे तोंड करून पडून होता.

मी अकोल्याच्या गाडीत बसलो.

आता पुन्हा कापसाच्या गाड्या चालल्या आहेत. बाभळी पांढऱ्या होत आहेत. सून आतून ओरडते, मामाजी, खोकला वाढला, घरात बसा. गळा शाबूत आहे, ओळी पाठ आहेत, ऐकायला नातवंडं आहेत. पण मी गायलो, की तो शेंदूर नव्हता असं होईल, आणि गोविंदा सुटेल. म्हणून मी खोकतो.